चाळणीत काय अडकले, काय निसटले

वनस्पतींच्या अर्काने रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी मरतात का, हा प्रश्न आज तालुक्याच्या गावातल्या फार्मसी कॉलेजातही विचारला जातो. पण कर्करोगाचे इतके प्रकार असताना ल्युकेमियाच का? त्याचे उत्तर उंदरांत आहे. १९४८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत लॉइड लॉ आणि त्यांचे सहकारी डीबीए/२ वंशाच्या उंदरांच्या कातडीला मिथाइलकोलॅन्थ्रीन हे कर्करोगकारक द्रव्य चोपडत होते. त्यातल्या एकाला ल्युकेमिया झाला. त्याच्या पेशी त्याच वंशाच्या दुसऱ्या उंदराच्या पोटात टोचल्या की तिथे त्या बिनबोभाट वाढत, आणि आठ-दहा दिवसांत तो उंदीर मरे. त्यातून तिसरा, तिसऱ्यातून चौथा. या पेशींना एल-१२१० असे नाव पडले. १९५५ साली अशाच रीतीने पी-३८८ आली.

संशोधकांना याहून सोयीचे काही मिळाले नसते. उंदीर कधी मरणार हे आधीच ठाऊक, त्यामुळे औषधाने त्याचे दिवस वाढले की नाही ते नुसते मोजायचे. औषध न दिलेल्या उंदरांच्या साधारण सव्वापट जगला, तर अर्क सक्रिय. फुप्फुसाची किंवा आतड्याची गाठ वाढायला महिने लागतात. इथे दोन आठवड्यांत निकाल हाती. म्हणून १९६० मध्ये याच संस्थेने अमेरिकेच्या शेतीखात्याला सोबत घेऊन वनस्पतींची मोठी मोहीम काढली, तेव्हा पहिली चाळणी उंदरांच्या ल्युकेमियाची ठेवली गेली. मोहिमेचे सूत्रधार जोनाथन हार्टवेल हे रसायनतज्ज्ञ. जगभरच्या जुन्या ग्रंथांतून आणि लोकव्यवहारातून कर्करोगावर वापरल्या गेलेल्या तीन हजारांहून जास्त वनस्पतींची त्यांनी केलेली यादी पुढे छापून आली. १९८२ पर्यंत ३५ हजारांच्या घरात नमुने गोळा झाले आणि त्यांतून १ लाख १४ हजारांच्या आसपास अर्क तपासले गेले.

एवढ्या खटाटोपातून हाताला काय लागले? दोन मोठी नावे कुणीही सांगेल, टॅक्सॉल आणि कॅम्प्टोथेसिन. दोन्ही नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये सापडली, आणि दोन्हींमागे मन्रो वॉल आणि मनसुख वाणी ही जोडी होती. वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारला झाला. रसायनशास्त्राचे शिक्षण मुंबई विद्यापीठात आणि डॉक्टरेट इंडियाना विद्यापीठात. चीनमधल्या एका झाडाच्या अर्काने एल-१२१० टोचलेले उंदीर लक्षणीय जास्त दिवस जगत होते. त्या अर्काचे भाग पाडत, प्रत्येक भाग पुन्हा तपासत त्यांनी सक्रिय द्रव्य वेगळे काढले आणि १९६६ मध्ये कॅम्प्टोथेसिनची रचना जाहीर केली. ही रीत त्या काळी नवी होती. तोवर रसायनतज्ज्ञ झाडात जे द्रव्य मुबलक असेल किंवा ज्याचे स्फटिक सहज पडतील ते उचलायचे आणि मग त्याचा उपयोग शोधायचे. वॉल आणि वाणी यांनी क्रम उलटा केला. द्रव्य कितीही थोडे असो, जैविक परीक्षा ज्या भागाकडे बोट दाखवील तिकडेच जायचे.

टॅक्सॉलची हकीकत मात्र चाळणीच्या बाजूने फारशी बोलत नाही. १९६२ च्या ऑगस्टमध्ये आर्थर बार्कले या वनस्पतितज्ज्ञाने वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यू या झाडाची साल गोळा केली. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी तिच्या अर्काने मरत होत्या, म्हणून काम पुढे सरकले. १९७१ मध्ये रचना प्रसिद्ध झाली. पण उंदरांच्या ल्युकेमियावर टॅक्सॉलचा प्रभाव बेताचाच होता. द्रव्य मिळायचे नाममात्र, विरघळायचे नाही, आणि आकडे असे की कुणी हिरिरीने पुढे न्यावे असे वाटू नये. १९७५ च्या सुमारास बी-१६ या त्वचेच्या कर्करोगाच्या नव्या परीक्षेत ते उजवे ठरले, तेव्हा कुठे त्याला वाली मिळाला. १९९२ च्या डिसेंबरात अंडाशयाच्या कर्करोगासाठी त्याला मंजुरी मिळाली. केवळ ल्युकेमियाच्या परीक्षेवर विसंबले असते तर विसाव्या शतकातले एक महत्त्वाचे औषध फायलीतच राहिले असते.

कॅम्प्टोथेसिनचे नेमके उलटे झाले. ल्युकेमियाच्या उंदरांत ते चमकले; १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा सोडियम क्षार माणसांना दिला, तर मूत्राशयातून रक्त जाऊ लागले आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. १९८५ मध्ये कळले की ते टोपोआयसोमरेज-१ या विकराला जखडून ठेवते. मग त्याची सुधारलेली रूपे, टोपोटेकान आणि आयरिनोटेकान, १९९६ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आली. ती वापरली जातात प्रामुख्याने अंडाशय, फुप्फुस आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगांवर. जे ल्युकेमियाच्या चाळणीत अडकले ते ल्युकेमियाचे औषध झाले नाही. भरभर विभागणाऱ्या पेशींची चाळणी भरभर विभागणाऱ्या पेशींचे मारेकरी शोधते. माणसाच्या कोणत्या रोगात ते चालतील हे ती सांगत नाही. शेवटी १९८० च्या दशकात राष्ट्रीय कर्करोग संस्थेने उंदरांची पहिली चाळणी सोडली आणि १९९० पर्यंत ६० मानवी पेशीवंशांचा संच उभा केला. त्यात ल्युकेमियाचे वंश मोजकेच आहेत.

आता ज्या वनस्पतीने ल्युकेमियाच्या मुलांना खरोखर वाचवले ती पाहू. ती या मोहिमेतून आलीच नाही. १९५२ साली कॅनडात रॉबर्ट नोबल यांना त्यांच्या डॉक्टर भावाने एक पाकीट पाठवले. त्यात एका रुग्णाने जमैकाहून धाडलेली पाने होती. तिकडे त्यांचा चहा मधुमेहावर घेतात म्हणे. पाने होती आपल्या अंगणातल्या सदाफुलीची. नोबल यांनी अर्क उंदरांना पाजला, साखर ढिम्म हलली नाही. शिरेतून टोचला, तर उंदीर जंतुसंसर्गाने मेले. कारण शोधता लक्षात आले की त्यांच्या पांढऱ्या पेशी कोसळल्या होत्या, अस्थिमज्जा रिकामी झाली होती. दुसरा कुणी असता तर विषारी म्हणून शेरा मारून मोकळा झाला असता. नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी विचार केला, की जे पांढऱ्या पेशी मारते ते पांढऱ्या पेशींच्या कर्करोगावर का वापरू नये? १९५८ पर्यंत त्यांनी व्हिन्ब्लास्टीन वेगळे काढले. त्याच सुमारास इलाय लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोडा फिलिपिन्समधला मधुमेहाचाच समज ऐकून सदाफुली तपासत होते; त्यांना पी-१५३४ हा ल्युकेमिया झालेले उंदीर जास्त जगताना दिसले. व्हिन्क्रिस्टीन त्यांच्याकडून आले. १९६३ च्या जुलैत अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली.

त्या काळी लहान मुलांचा तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया म्हणजे काही महिन्यांचा प्रश्न असे. एकट्या व्हिन्क्रिस्टीननेही तो सुटला नसता. प्रेडनिसोन, मेथोट्रेक्सेट आणि ६-मर्कॅप्टोप्युरीन यांच्या जोडीला ते दिले गेले, मग उपचारांचे वेळापत्रक वर्षानुवर्षे घासूनपुसून नीट केले, आणि आज सधन देशांत अशी जवळपास ९० टक्के मुले बरी होतात. भारतात हे प्रमाण कमी आहे. त्याची कारणे औषधात कमी आणि उपचार अर्ध्यावर सुटणे, संसर्ग, पैशाची ओढाताण यांत जास्त आहेत. एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. हे औषध शिरेतून देतात. चुकून पाठीच्या मणक्यात गेले तर रुग्ण जवळजवळ हमखास दगावतो, म्हणून त्याच्या वेष्टनावर तशी ठळक सूचना असते. सदाफुलीची पाने उकळून पिण्याचा सल्ला देणाऱ्यांनी एवढे जरी लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले. पानात व्हिन्क्रिस्टीन इतके कमी असते की एका ग्रॅमसाठी शेकडो किलो सुकी पाने लागतात, आणि त्याच पानात इतर अनेक अल्कलॉइड्स असतात.

सध्या आपल्याकडे ही परीक्षा होते ती उंदरांत नव्हे, प्लास्टिकच्या प्लेटमध्ये. भारतात पेशी वाढवण्याचे पहिले दालन १९६० च्या दशकात मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये कमल रणदिवे यांनी उभे केले; आज पुण्याच्या विद्यापीठ आवारातले राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवते. सर्वांत खपाच्या दोन म्हणजे के-५६२ आणि एचएल-६०. पहिली १९७० च्या दशकात ५३ वर्षांच्या एका स्त्रीच्या छातीत साठलेल्या द्रवातून मिळाली, तिला दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमिया होता. दुसरी ३६ वर्षांच्या, तीव्र मायलॉइड ल्युकेमिया झालेल्या स्त्रीच्या रक्तातून.

ठरलेली रीत अशी. झाडाचा भाग सावलीत सुकवून दळायचा, मिथेनॉलमध्ये भिजवायचा किंवा सॉक्सलेटमध्ये फिरवायचा, द्रावक उडवून चिकट काळपट अर्क उरवायचा, तो डीएमएसओत विरघळवायचा. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येकी दहाएक हजार पेशी, वर वाढत्या प्रमाणात अर्क, आणि प्लेट ३७ अंशांवर ४८ तास इनक्युबेटरमध्ये. मग एमटीटी हा पिवळा क्षार घालायचा. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात. जांभळा रंग जितका फिका तितक्या पेशी मेल्या. यंत्र ५७० नॅनोमीटरला रंग मोजते आणि निम्म्या पेशी मारणारे प्रमाण, म्हणजे आयसी-५०, हाती येते. एवढ्यावर शोधनिबंध उभा राहतो.

पण या प्लेटमध्ये फसायला जागा भरपूर आहे. हेक्झेनचा अर्क गडद हिरवा असतो आणि के-५६२ तरंगणाऱ्या पेशी असल्याने खळगा सहज धुता येत नाही. हिरवा रंग आकड्यात शिरतो. पॉलिफेनॉल भरपूर असलेला अर्क एमटीटीला स्वतःच जांभळा करतो, पेशी नसल्या तरी. म्हणजे मेलेल्या पेशीही जिवंत दिसतात. पेशीविना नुसता अर्क घातलेली एक रांग ठेवली की हे उघडे पडते, पण ती रांग बऱ्याच निबंधांत नसते. टॅनिनचा गोंधळ याहून जुना आहे. अमेरिकेच्या त्याच मोहिमेत वॉकर-२५६ या उंदरांतल्या गाठीवर टॅनिनवाले अर्क एकसारखे यशस्वी ठरू लागले, शेवटी ती गाठच परीक्षेतून काढावी लागली. रिठ्यासारख्या फेसाळ झाडांतली सॅपोनिन्स पेशीचे आवरण फोडतात. त्यांना ल्युकेमिया आणि निरोगी रक्तपेशी यांत भेद करता येत नाही, आणि हे तपासायला लाल पेशी फुटतात का एवढे पाहिले तरी पुरते.

दुसरी फसवणूक जरा सभ्य आहे. अर्क फक्त कर्करोगाच्या पेशी मारतो, निरोगी सोडतो, असे दाखवायला निरोगी माणसाच्या रक्तातल्या लिम्फोसाइट वापरतात. त्या पेशी रक्तात स्वस्थ असतात, विभागत नाहीत. त्यामुळे विभागणीवर घाव घालणारे कोणतेही द्रव्य त्यांना सोडणारच. व्हिन्क्रिस्टीनही सोडील. माणसाची खरी चिंता असते ती अस्थिमज्जेतल्या, रात्रंदिवस विभागणाऱ्या निरोगी पेशींची. त्यांच्यावर तपासले तर चित्र बदलते. आणि या अर्काने पी-५३ प्रथिन वाढून पेशीमृत्यू झाला असे जेव्हा के-५६२ किंवा एचएल-६० वरच्या निबंधात वाचायला मिळते, तेव्हा परीक्षकाने निबंध वाचला होता का असाच प्रश्न पडतो. या दोन्ही पेशींत कार्यक्षम पी-५३ मुळातच नाही.

खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात, बाहेरच्या संस्थांचे नमुने ठरलेल्या पद्धतीने तपासून मिळतात. तिथला निकष कडक आहे. वाढ निम्म्यावर आणायला शुद्ध द्रव्य १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत आणि अर्क २० पर्यंत पुरला पाहिजे. याउलट ज्यांचा आकडा १०० किंवा २०० येतो असे निबंधही 'उल्लेखनीय क्रिया' म्हणून छापले जातात. १०० चा अर्थ काय, याचा हिशेब पाचवी-सहावीच्या गणिताने होतो. साठ किलोच्या माणसाच्या अंगात साधारण ३६ लिटर पाणी. प्रत्येक मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम ठेवायचे तर ३.६ ग्रॅम अर्क लागेल. अर्क पानांच्या एक दशांश निघतो असे धरले तर ३६ ग्रॅम पूड, तीही पूर्ण पचून रक्तात उतरली पाहिजे, यकृताने एक कणही मोडता कामा नये आणि ही पातळी दोन दिवस तशीच टिकली पाहिजे. शरीरात असे घडत नाही. व्हिन्क्रिस्टीनची मोठ्या माणसाची एका वेळची मात्रा सहसा २ मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत.

हळद हे याचे ठळक उदाहरण. कुरकुमीन एचएल-६० वर चालते असे निबंध अनेक आहेत. त्यासाठी लागणारे प्रमाण बहुधा १० मायक्रोमोलरच्या आसपास किंवा वर. माणसांनी दिवसाला ८ ग्रॅम शुद्ध कुरकुमीन घेतले तेव्हा रक्तातली सर्वोच्च पातळी सरासरी दोन मायक्रोमोलरलाही पोचली नाही. शिवाय कुरकुमीन अनेक परीक्षांत रंगाने, प्रकाशाने आणि प्रथिनांना चिकटून खोटे सकारात्मक निकाल देते. २०१७ च्या एका गाजलेल्या आढाव्याने शंभराहून जास्त चाचण्यांचा धांडोळा घेऊन सांगितले की दुहेरी-अंध, नियंत्रित चाचणीत ते निर्विवाद यशस्वी ठरलेले नाही. हळदीवर लिहिताना आपल्याकडे हे वाक्य वगळले जाते.

प्लेट आणि माणूस यांतले अंतर नेमके कुठे असते, हे समजून घ्यायला मुंबईहून निघालेली एक गोष्ट माझ्या मते सर्वांत शिकवणारी आहे. मुलुंडच्या हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात १९८० च्या दशकात भारतीय वनस्पतींवर काम चालू होते. सह्याद्रीतही आढळणाऱ्या डायसॉक्सायलम बायनेक्टारिफेरम या झाडातून त्यांनी रोहितुकीन हे अल्कलॉइड काढले, त्याची रचना सिद्ध केली आणि ते प्रयोगशाळेत बनवून १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांना हवे होते सूज कमी करणारे द्रव्य. त्याच रचनेत फेरफार करून फ्लॅव्होपिरिडॉल आले, आणि ते पेशीविभागणीची किल्ली फिरवणाऱ्या सीडीके विकरांना रोखते असे आढळले. या वर्गातले माणसांत तपासले गेलेले हे पहिले औषध.

दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या पेशी ते प्लेटमध्ये झपाट्याने मारत होते. त्या आकड्यांवरून १९९० च्या दशकात रुग्णांना ७२ तास संथ ठिबकने औषध दिले, तर काहीच घडले नाही. औषध तेच, पेशी त्याच, पातळीही ठरवल्याप्रमाणे. मग गफलत कुठे? प्लेटमधल्या पोषकद्रवात गाईच्या गर्भाचे रक्तजल असते, बहुधा दहा टक्के. माणसाच्या रक्तजलात फ्लॅव्होपिरिडॉल ९० टक्क्यांहून जास्त प्रमाणात प्रथिनांना चिकटून बसते. गाईच्या रक्तजलात फार कमी चिकटते. प्लेटमध्ये मोकळे मिळणारे औषध माणसात बांधलेले होते. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या जॉन बर्ड आणि सहकाऱ्यांनी हिशेब नव्याने मांडला. अर्ध्या तासात मोठा डोस, मग चार तास ठिबक. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत, इतर उपचार थकलेल्या ४२ रुग्णांपैकी ४५ टक्के रुग्णांना गुण आला. आता अडचण दुसऱ्या टोकाची होती. पेशी इतक्या झटपट मरत की त्यांतून सुटलेले पोटॅशियम आणि फॉस्फेट रुग्णाच्या जिवावर बेतू शके. पुढे २०१४ मध्ये इब्रुटिनिबसारखी गोळी आली आणि या औषधाची त्या रोगातली जागा गेली. पण वेळापत्रक बदलल्याने निकामी औषध कामाचे झाले, हे यातून दिसले. ज्या अर्कांवर आपण काट मारली त्यांतले किती असे असतील? आणि ज्यांच्यावर टाळ्या वाजवल्या त्यांतले किती माणसाच्या रक्तजलात गप्प बसतील? ५० टक्के मानवी रक्तजल घालून परीक्षा पुन्हा करायला खर्च फारसा येत नाही.

इतर कहाण्या थोडक्यात सांगण्याजोग्या आहेत. सेफॅलोटॅक्सस या सूचिपर्णी झाडातले होमोहॅरिंगटोनीन १९७० मध्ये अमेरिकेच्या पिओरियातल्या शेतीखात्याच्या प्रयोगशाळेत ओळखले गेले, पण वापर वाढला तो चीनमध्ये. पेशीचे प्रथिन बनवण्याचे काम ते थांबवते, त्यामुळे अल्पायुषी प्रथिनांवर तगलेल्या ल्युकेमियाच्या पेशी आधी कोसळतात. २००१ मध्ये इमॅटिनिब ही गोळी आल्यावर ते मागे पडले. गोळ्यांना दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी २०१२ मध्ये अमेरिकेने त्याला मंजुरी दिली. हिमालयातल्या आणि अमेरिकेतल्या पोडोफायलमपासून आलेले एटोपोसाइड ल्युकेमियातही वापरले जाते, आणि ते घेतलेल्या काहींना वर्षा-दोन वर्षांनी त्याच औषधामुळे नवा ल्युकेमिया होतो. युरोपातल्या फीवरफ्यू या झुडपातले पार्थेनोलाइड मायलॉइड ल्युकेमियाच्या मूळपेशी मारते असे २००५ मध्ये दिसले, पण ते पाण्यात विरघळत नाही, शरीरात टिकत नाही. त्याच जातकुळीतले पार्थेनीन आपल्या गाजर गवतात असते. पुण्याच्या परिसरात हे गवत १९५५ च्या सुमारास नोंदले गेले, आणि आजवर त्याने दिले आहेत ते त्वचेचे विकार.

परंपरेचा मान ठेवायचा तर कसा, याचे उत्तर मला चीनमध्ये दिसते. तिथे दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियावर एक अकरा घटकांची पारंपरिक गोळी देत. संशोधकांनी एकेक घटक काढून पाहिला. काम करत होती ती नीळ, आणि तिच्यातले इंडिरुबिन. दुसरी गोळी मनशीळ आणि नीळ यांच्या मिश्रणाची. तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात ती आर्सेनिकच्या इंजेक्शनसमोर उभी केली, रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले, आणि २०१३ मध्ये निकाल आला. दोन वर्षे रोग न उलटलेले रुग्ण गोळीच्या गटात ९८.१ टक्के, इंजेक्शनच्या गटात ९५.५. (मनशीळ म्हणजे आर्सेनिकचेच एक खनिज. ही गोळी मोजलेल्या मात्रेत, आधुनिक औषधाच्या जोडीने, रुग्णालयात दिली गेली होती.) आपल्याकडे 'ग्रंथांत सांगितले आहे' आणि 'पेशी मेल्या' या दोन वाक्यांच्या मध्ये अशी चाचणी क्वचितच येते. लोकवापराने शोध सुकर होतो यात शंका नाही. अमेरिकेच्या मोहिमेचा हिशेब १९७६ मध्ये तपासला तेव्हा आढळले की औषधी म्हणून ख्यात झाडांत सक्रिय अर्कांचे प्रमाण सरसकट गोळा केलेल्या झाडांपेक्षा जास्त होते, आणि त्याहूनही जास्त होते ते बाणांना लावायच्या व मासे मारायच्या विषांत. हे ऐकून वैद्यांना आनंद होईलच असे नाही.

भारतात काम झाले नाही असे मुळीच नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने १९६० च्या दशकापासून देशातल्या झाडांची पद्धतशीर तपासणी केली. जम्मूच्या एका संशोधन संस्थेने रोहितुकीनवर पुन्हा काम करून तोंडाने घेता येईल असे रूप शोधले. अडचण विद्यापीठांच्या पातळीवर आहे. एम.फार्म.च्या विद्यार्थ्याला वर्षभर मिळते. कॉलेजमागच्या टेकडीवरचे झाड, मिथेनॉलचा अर्क, विकत आणलेल्या पेशी, एमटीटी, आणि शेवटी पुढील संशोधनाची गरज असल्याचे वाक्य. ते पुढील संशोधन करायला दहा-वीस किलो माल, स्तंभ चालवणारा रसायनतज्ज्ञ, तीन-चार वर्षे आणि दर टप्प्याला पुन्हा तीच परीक्षा लागते. पुढच्या वर्षीचा विद्यार्थी नवे झाड घेतो, कारण जुन्या झाडावर 'काम झालेले' असते. झाडाचा ओळखीचा नमुनाही अनेकदा ठेवलेला नसतो, वास्तविक पुण्यातच आघारकर संस्था आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे कार्यालय आहे. अशोकाची साल म्हणून आसुपालवाची साल विकली जाते अशा बाजारातून माल उचलून केलेला प्रयोग नेमका कशावर झाला, हे मग देव जाणे. शंभर नव्या झाडांऐवजी दहा जुन्या अर्कांचा पाठपुरावा करणाऱ्याला पीएच.डी. द्यायला हवी, असे माझे मत आहे.

या निबंधांचे पडसाद मात्र थेट घरात उमटतात. प्लेटमधले निष्कर्ष व्हॉट्सॲपवर आले की लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा केमोथेरपीच्या जागी सुचवला जातो. त्या पानांतली ॲसिटोजेनिन्स पेशीचे ऊर्जाकेंद्र बंद पाडतात, म्हणून प्लेटमध्ये पेशी मरतात. पण मज्जापेशीही याच ऊर्जाकेंद्रावर चालतात. ग्वादलूपमध्ये ही पाने आणि फळे नेहमी खाणाऱ्यांत पार्किन्सनसारखा विकार जास्त आढळल्याची नोंद १९९९ मध्ये झाली. कोविडच्या दिवसांत गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला सूज आल्याचे मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये नोंदवले. ल्युकेमियाच्या मुलाला मेथोट्रेक्सेट चालू असते, त्याच्या यकृतावर आधीच ताण असतो. म्हणून घरात जे काही दिले जाते, अगदी काढाही, ते डॉक्टरांना सांगावे. आणि डॉक्टरांनीही ते ऐकताना कपाळाला आठ्या घालू नयेत, नाहीतर पुढच्या वेळी कुणी सांगणार नाही.

राहिला पुरवठ्याचा प्रश्न. कॅम्प्टोथेसिन आपल्याकडच्या नरक्या नावाच्या झाडातही असते, हे १९७२ मध्ये गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातून टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी दाखवले. या झाडात ते चांगल्या प्रमाणात मिळते, त्यामुळे पुढे सह्याद्रीत नरक्याची चोरटी तोड झाली आणि वनखात्याने माल पकडल्याच्या बातम्या येत राहिल्या. द्रव्य खोड आणि मुळांत असल्याने झाड मुळासकट जाते. सदाफुलीचे तसे नाही. ती तमिळनाडूत शेतात लावतात, पाने आणि मुळे निर्यात होतात. तरीही २०१९ मध्ये एका कंपनीने उत्पादन सोडले, दुसरीचे रखडले आणि अमेरिकेत मुलांच्या वॉर्डांना व्हिन्क्रिस्टीन पुरेना. २०२२ मध्ये यीस्टमध्ये तीसएक टप्प्यांचा जैविक मार्ग बसवून सदाफुलीचे दोन मूळ घटक, व्हिन्डोलीन आणि कॅथरँथीन, बनवण्यात यश आले. ते रासायनिक रीतीने जोडले की व्हिन्ब्लास्टीन होते. लिटरमागे उत्पन्न अजून मायक्रोग्रॅमच्या हिशेबात आहे, त्यामुळे कारखान्यात पाने येणे एवढ्यात थांबत नाही.